खाडीपलीकडची शाळा

दुताकुंदा गावात शाळा होती ती सहावीपर्यंतची. सातवीला जायचं म्हणजे खाडीपलीकडच्या कुंतुब्याला. रस्त्यानं गेलं तर पुलाला वळसा घालून बारा किलोमीटर, होडीनं गेलं तर अर्धा तास. मुलगे सायकली दामटत रस्त्यानं जात. मुली सहावीनंतर आईबरोबर भाताच्या खाचरात उतरत, आणि दोन-तीन वर्षांत कुणाच्या ना कुणाच्या घरी लग्न होऊन जात. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. तिदाला वाटत असे.

तिदा स्वतः शाळेत गेलेली नव्हती. चाळिशी उलटलेली, उंच, हाडापेरानं मोठी बाई. तीन मुलगे झाल्यावर तिला उशिरा एक मुलगी झाली, जाबू. ती सहावीत गेली तेव्हा तिदानं गावातल्या बायकांचं मंडळ उभं केलं. शाळेमागच्या पडीक जमिनीवर कांदे, भेंडी, कडू वांगी लावायची, आठवड्याच्या बाजारात विकायची, आणि त्यातून मुलींचे गणवेश शिवायचे, होडीवाल्याला द्यायचं. दूरदेशीच्या काही निवृत्त शिक्षकांनी बागेला कुंपण आणि विहिरीला रहाट दिला होता. ती मदत घेऊन मोटरसायकलवर यायचा सुलेमान बोजांग. तोही एकेकाळचा मास्तरच. किनाऱ्यावरच्या शहरातून धूळ खात यायचा, कुंपण मोजायचा, वह्या वाटायचा आणि तिदाच्या घरी शेंगदाण्याच्या रश्शातला भात खाऊन परत जायचा.

पण गणवेश शिवणं सोपं, मुलगी मिळवणं अवघड. त्यासाठी तिदा पदराला कोलाची चघळायची कडू फळं बांधून घरोघर फिरे. कोला पुढं ठेवला की समोरच्यानं निदान ऐकून तरी घ्यावं लागतं. असं फिरून फिरून तिनं सात मुली जमवल्या, जाबू धरून. आठवी मुलगी हवी होती ती फिलिजेची तेनेंग.

तिदा सीसेंची लेक, फिलिजे तुरेंची. सीसे आणि तुरे या दोन कुळांत थट्टेचं नातं, पणज्यांच्याही आधीपासूनचं. सीसेनं तुरेला भर बाजारात खादाड म्हणावं, तुरेनं सीसेला आपला पळून गेलेला गुलाम म्हणावं, आणि कुणी रागवायचं नाही. रागावला तो हरला. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आल्या, आणि पंचवीस वर्षं एकमेकींना शिव्या घालत सुखानं जगल्या.

"आली का माझी बटीक," तिदाला अंगणात पाहून फिलिजे म्हणाली. ती शेजारणींबरोबर भात कांडत होती. "माझं पाणी भरायचं सोडून कुठं उनाडत होतीस?"

"तुझं पाणी भरायला हत्ती लागेल. तुरेंची तहान ती. हा घे कोला."

"कोला आणलास म्हणजे काहीतरी उकळायला आलीस."

"तेनेंगला दे."

फिलिजेचं मुसळ थांबलं नाही. "रस्त्यानं जाणार असेल तर ने. होडीनं नको. ती पाण्याला भिते. लहानपणापासून भिते. तांदूळ धुवायला खाडीवर गेली तरी गुडघ्याच्या वर जात नाही."

"रस्त्यानं बारा किलोमीटर जायचे, बारा यायचे. मग ती शिकणार कधी?"

"नाही शिकली तर नाही शिकली. मी कुठं शिकलेय?"

"म्हणूनच तर," तिदा म्हणाली, आणि शेजारणी हसल्या. मग तिदानं आवाज चढवला, पलीकडच्या अंगणात जाईल इतका. "बरोबर आहे गं तुझं. तुरेंचं धैर्य साऱ्या मुलखाला ठाऊक आहे. तुझा आजा म्हणे घागरीत स्वतःचं तोंड बघून घाबरला आणि तीन गावं पळाला. नकोच पाठवूस. मी आपलं बाजारात सांगेन, सीसेंच्या लेकी शिकल्या आणि तुरेंच्या लेकी घागरीला भिऊन घरी बसल्या."

शेजारणींनी मुसळं टाकली आणि पोट धरधरून हसल्या. फिलिजेलाही हसू आवरेना. अशा वेळी हसलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, हे तिदाला ठाऊक होतं. ते ठाऊक होतं म्हणूनच ती तसं बोलली होती.

"ने," फिलिजे डोळे पुसत म्हणाली. "पण ध्यानात ठेव बटके, पोरगी माझी आहे. रोज परत आणून द्यायची."

"संध्याकाळचा भात शिजायच्या आत," तिदा म्हणाली.

होडी वल्हवायला तिदाचे थोरले दीर डेंबो होते. गावातली जुनी माणसं खाडी जशी ओळखत तशी ते ओळखत. होडी मंडळानंच विकत घेतलेली, जुनी, सहा जणांची. आठ मुलींना दोन खेपा लागत. डेंबो पहिल्या चौघींना सोडून दुसऱ्या चौघींना न्यायला परत येत. तेनेंग नेहमी होडीच्या मधोमध बसायची, डोळे गच्च मिटून, दोन्ही हातांनी फळी धरून, आणि पलीकडं टेकेपर्यंत ओठांतल्या ओठांत दुवा म्हणत राहायची. काठावर उतरली की मात्र तिच्याइतकी बडबडी कुणी नसे. सगळ्या मास्तरांच्या चालीची ती नक्कल करी. एक वर्ष असं गेलं. आठही जणी सातवी पास झाल्या. गावातल्या बायका आपली औषधाची बाटली, शहरातल्या मुलाचा निरोप, असलं काहीबाही वाचून घ्यायला या पोरींकडे येऊ लागल्या. तिदा रस्त्यानं जाताना मान जरा ताठ ठेवू लागली होती, हे खरं.

दुसऱ्या वर्षी सप्टेंबर सरत आला होता. पावसाळ्याचे शेवटचे दिवस, घरात जुना भात संपलेला आणि नवा अजून शेतात हिरवा. त्या सकाळी आठवीची पहिली चाचणी परीक्षा होती. पूर्वेकडून वारा सुटला होता, आभाळ त्या बाजूला काळंनिळं झालं होतं. डेंबोंनी आभाळाकडे पाहिलं आणि ठरवलं, की दोन खेपा केल्या तर दुसरी खेप वाऱ्यात सापडेल, त्यापेक्षा आठही जणींना एकदमच घेऊन वारा यायच्या आत पार व्हावं. चुकीचा विचार नव्हता तो. वारा थोडा आधी आला, इतकंच.

तिदा तेव्हा बागेत कांद्याच्या रोपांवर गवत पसरत होती. वाऱ्यानं गवत तिच्या हातातून उडालं. तिनं मान वर केली, आणि त्याच वेळी खाडीकडून ओरडा ऐकू आला. एका माणसाचा नव्हे, पुष्कळ माणसांचा.

ती पोचली तेव्हा होडी पालथी झाली होती. डेंबो आणि कालवं काढणाऱ्या बायका एकेकीला ओढून चिखलात आणत होत्या. काही पोरींनी होडीची कड धरली होती, काहींनी खारफुटीची मुळं. तिदानं मोजलं. सात. पुन्हा मोजलं. जाबू चिखलात बसली होती, जिवंत होती, आणि तिच्या मुठीत गणवेशाचा पांढरा रुमाल होता. तिचा स्वतःचा रुमाल डोक्यावरच होता.

"मी धरलं होतं आई," जाबू म्हणाली. "मी तिला धरलं होतं. हा हातात आला."

तेनेंग दुसऱ्या दिवशी ओहोटीला सापडली.

दफन झालं त्या दिवशी तिदा फिलिजेच्या घरी गेली. जायला तर हवंच होतं. त्यांच्याकडे रीत अशी, की मयताच्या घरी थट्टेच्या नात्यातल्या माणसानं यावं आणि दुःखात असलेल्याला हसवावं. मेलेल्याची नक्कल करावी, वारसा मागावा, वाट्टेल ते बोलावं, पण रडणाऱ्याच्या तोंडावर एकदा तरी हसू आणावं. तेवढाच श्वास मिळतो. फिलिजेचा सासरा वारला तेव्हा तिदानं त्याची काठी घेऊन अंगणभर फेऱ्या मारल्या होत्या आणि सुनांकडून भात मागितला होता. त्यामुळे ती दारात आली तशी जमलेल्या बायका जरा सरकल्या, वाट पाहू लागल्या.

तिदा दाराशी उभी राहिली. तिचं तोंड उघडेना.

"बोल ना गं काहीतरी," एक म्हातारी तिच्या कानाशी पुटपुटली. "तुझा हक्क आहे."

फिलिजे भिंतीला टेकून बसली होती. तिनं वर पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं.

"तिदाबाई," ती म्हणाली, "बसा. चटईवर बसा."

पंचवीस वर्षांत फिलिजेनं तिला कधी बाई म्हटलं नव्हतं, कधी अहोजाहो केलं नव्हतं. तिदा चटईवर बसली. बाकीच्या बायकांनी माना खाली घातल्या. त्या दिवशी त्या घरात कुणीच हसलं नाही.

चाळिसाव्या दिवशीच्या खैरातीला फिलिजेच्या नवऱ्यानं, यांकुबानं, इमामासमोर आणि सगळ्या गावासमोर सांगितलं, की ही अल्लाची मर्जी, आपल्या मनात कुणाबद्दल किल्मिष नाही. त्यानं डेंबोंचे दोन्ही हात हातात घेतले. म्हातारे डेंबो लहान मुलासारखे रडले. त्यानंतर ते खाडीवर गेले नाहीत. चौकातल्या झाडाखालच्या बाजेवर बसत, कुणी चहाचा पेला दिला तर घेत. होडी कुणीतरी काठावर ओढून ठेवली होती, ती तिथंच उन्हात तडकली.

तिदाला कुणी काही बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं. बायका बागेत येत, पाणी शेंदत, कांद्यांना घालत, पण शाळेचा विषय निघाला की कुणाला तरी घरी काम आठवे. आठवीची एकही मुलगी पलीकडे जाईनाशी झाली. दोघींची लग्नं ठरली. तिदा त्यातल्या एकीच्या आईकडे कोला घेऊन गेली होती. त्या बाईनं कोला घेतला नाही. हलक्या आवाजात म्हणाली, "तिदा, तू माझी मोठी बहीण. पण मला हे मागू नकोस."

जाबूनं तर दप्तर तिदाच्या सवतीच्या धाकट्या मुलाला देऊन टाकलं. तिदानं एकदा विषय काढून पाहिला.

"रस्त्यानं जा. तुझा बाप सायकल घेऊन देईल."

"नको."

"का पण?"

जाबू भांडी घासत होती. तिनं हात दाखवला, तळहात वर करून. मग पुन्हा भांडी घासायला लागली. तिदानं नंतर तिला कधी विचारलं नाही.

डिसेंबरात बोजांग आला. थंड कोरडा वारा सुटला होता, त्याच्या भुवयांपर्यंत धूळ बसली होती. तो आधी यांकुबाच्या घरी जाऊन दुवा मागून आला, मग तिदाच्या अंगणात बसला. बराच वेळ भाताशी चाळा करत राहिला.

"तिदाबाई, तिकडच्या लोकांना कळवलं मी. फार वाईट वाटलं त्यांना. त्यांचं म्हणणं, इंजिनाची होडी देऊ. मोठी, बाजूंना उंच कठडे असलेली. प्रत्येक मुलीला अंगात घालायचं तरंगतं जाकीट."

तिदाच्या छातीत काहीतरी हललं, आणि ते हललं याची तिला लाज वाटली.

"पण त्यासाठी त्यांना आणखी लोकांकडे हात पसरावे लागतील," बोजांग म्हणाला. "ती मंडळी वाईट नाहीत. पण माणसाचं असं असतं बघा, शंभर मुली शाळेत जात नाहीत हे वाचून कुणाचा हात खिशात जात नाही. एक चेहरा बघितला की जातो. त्यांना फिलिजेबाईंचा एक फोटो हवा आहे. गणवेश हातात घेतलेला. आणि चार शब्द. होडीला तेनेंगचं नाव देणार आहेत."

"तुम्ही विचारलंत तिला?"

"माझी जीभ उचलली नाही. म्हटलं, तुम्ही जवळच्या."

तिदानं त्याच्याकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. त्याला बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार.

दुसऱ्या दिवशी ती खाचरांकडे गेली. भात पिकला होता. बायका छोट्या सुऱ्यांनी एकेक लोंबी कापत पुढं सरकत होत्या. फिलिजे आपल्या तांबड्या भाताच्या तुकड्यात एकटीच होती. तिदानं कमरेची सुरी काढली आणि शेजारच्या ओळीत वाकून कापायला सुरुवात केली. फिलिजेनं तिला नको म्हटलं नाही. दोघी अशा किती वेळ कापत गेल्या कोण जाणे. सावल्या पायाखाली आल्या तेव्हा तिदा बोलली. बोजांगनं सांगितलं ते सगळं सांगितलं, होडी, कठडे, जाकिटं, फोटो, नाव. काही गाळलं नाही, काही गोड करून सांगितलं नाही.

फिलिजेनं हातातल्या लोंब्यांची पेंढी बांधली. गाठ नीट मारली.

"फोटोत काय दिसेल?" तिनं विचारलं.

"तू. गणवेश घेऊन."

"रडणारी आई दिसेल. लेकीला शिकवायला निघाली होती, नशिबानं घात केला, अशी आई." तिनं पेंढी खाली ठेवली. "ती मी नाही, तिदाबाई."

"फिलिजे, चूक माझी होती. तू नको म्हणत होतीस. मी चारचौघींत तुला..."

"ऐका जरा," फिलिजे म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "त्या दिवशी सकाळी तेनेंग उठली आणि दारात उभी राहिली. वारा बघत होती. म्हणाली, आई, आज नको. आज पाणी वाईट आहे. परीक्षा पुन्हा देता येईल, मास्तरांना सांगू. मी भात ढवळत होते. मी काय म्हटलं तिला ठाऊक आहे?"

तिदा कापायची थांबली.

"मी म्हटलं, जा मुकाट्यानं. त्या सीसेंच्या बाईला माझ्यावर हसायला जागा देऊ नकोस." सुरीवरचा चिखल तिनं अंगठ्यानं पुसला. "खाल्लंसुद्धा नाही तिनं. रागावून गेली. वळून बघेल म्हणून मी दारापर्यंत गेले, तर नाही बघितलं. हे मी यांकुबाला सांगितलेलं नाही. इमामाला नाही. चाळीस दिवस लोक येऊन मला सांगत होते, फिलिजे, धीर धर, तुझा काही दोष नाही. आणि मी मान हलवत होते."

खाचरात पलीकडे कुणीतरी पाखरं हाकलत होतं. तिदाला खाली बसावंसं वाटलं, पण चिखल होता. ती उभीच राहिली. तीन महिने ती हा भार एकटीचा समजून वाहत होती. आता कळलं की तो दुसरीकडेही तितकाच होता, आणि त्यामुळे तिचा काही हलका झाला नाही. उलट, त्या सकाळच्या दारात आपण नव्हतो तरी होतो, हे नवंच तिच्या अंगावर आलं.

"ते शब्द माझे होते," ती कशीबशी म्हणाली. "तुझ्या तोंडी मीच घातले."

"तुमचा वाटा तुम्ही घ्या," फिलिजे म्हणाली. "माझा मला राहू द्या. फोटो मी देणार नाही. आणि तिचं नाव होडीला नको. पाण्यावर नको."

तिनं पेंढी डोक्यावर घेतली आणि बांधावरून निघून गेली. तिदानं राहिलेली ओळ कापून संपवली, पेंढ्या बांधून फिलिजेच्या ढिगाशी ठेवल्या आणि घरी आली.

बोजांग वाट पाहत होता.

"नाही म्हणाली."

"पुन्हा एकदा विचारून बघता का? चार दिवसांनी? दुःख जरा..."

"नाही."

"तिदाबाई, मग होडीचं लांबेल. कदाचित होणारही नाही."

"नाही झाली तर नाही झाली," तिदा म्हणाली. "त्यांना लिहा, की आईनं मुलीचं नाव द्यायला नकार दिला. का दिला ते लिहू नका, तुम्हाला ठाऊक नाही आणि मी सांगणार नाही."

बोजांग चांगला माणूस होता. त्यानं तसंच लिहिलं. होडी आली नाही. फेब्रुवारीत आठ नारिंगी जाकिटं मात्र आली, नवी कोरी, प्लास्टिकच्या पिशव्यांत. ती शाळेच्या कोठीत खुंटीवर टांगली गेली. ती घालून पाण्यावर जायला कुणाच्या घरची मुलगी तयार होणार होती?

त्याच सुमारास तिदानं मंडळाची बैठक बोलावली. बागेतच, विहिरीजवळ. ती म्हणाली, "होडी नको. रस्ताही नको, रोज चोवीस किलोमीटर चालून पोरी वहीवरच झोपतील. कुंतुब्यात एका विधवेची खोली रिकामी आहे. भाड्यापोटी कांदे घ्यायला ती तयार आहे. ज्यांना पोरी पाठवायच्या असतील त्यांनी पाठवा. शुक्रवारी पुलावरून घरी येतील, रविवारी परत जातील. मी त्यांच्याबरोबर राहीन."

"आणि तुझं घर?" कुणीतरी विचारलं.

तिदाची सवत मागे बसली होती. तोंडात काडी धरून ती म्हणाली, "घर मी बघते. अशीही ही घरात कधी असते?"

थोडं हसू फुटलं. त्या गावात कित्येक महिन्यांनी बायका एकत्र हसल्या असतील. फिलिजे बैठकीला नव्हती.

तीन मुली मिळाल्या. पुढं चौथी आली. जाबू आली नाही. ज्या बाईनं शाळेसाठी अर्धा गाव पालथा घातला, तिची लेक घरी राहिली आणि ती दुसऱ्यांच्या लेकींना पहाटे उठवून, आंघोळीला पाणी काढून, रुमाल बांधून शाळेत धाडू लागली. जाबूचं पुढच्याच वर्षी लग्न झालं, वरच्या अंगाला, खाडीपासून दूरच्या गावी. नवरा मुलगा बरा होता. निघताना ती आईच्या गळ्यात पडली, पण काही बोलली नाही. ते एक दुखणं तिदाच्या मनात कायमचं राहिलं.

खोली अंधारी होती, पत्र्याची. दिवसा इतकी तापायची, की मुली शाळा सुटल्यावर आंब्याखाली बसून अभ्यास करत. आया पाळीपाळीनं भात, सुकी मासळी, शेंगदाण्याचं कूट पाठवत, यांकुबाच्या गाढवगाडीवरून. एकदा पाळी कुणाचीच नसताना एक गाठोडं आलं. तिदानं सोडलं तर आत तांबडा भात. तसा तांबडा भात दुताकुंदात एकाच खाचरात पिके.

"कुणी पाठवलाय, तिदाआई?" मुलींनी विचारलं.

"ज्यानं पाठवला त्याला दुवा द्या," तिदा म्हणाली आणि भात निवडायला बसली. नंतर ते गाठोडं दर महिन्याला येत राहिलं. यांकुबानं कधी काही सांगितलं नाही, तिदानं विचारलं नाही.

दीड वर्षानं नववीची शेवटची परीक्षा झाली. निकाल लागला त्या दिवशी तिदा चौघींना घेऊन पुलावरून चालत गावी निघाली. तिघी पास झाल्या होत्या. चौथीचे दोन विषय राहिले होते, ती सगळ्यांच्या मागून नाक ओढत चालत होती आणि तिदा तिचा हात धरून होती. गावाच्या तोंडाशी बायका आल्या होत्या, डबे वाजवत होत्या. पास झालेल्या पोरी घराघरापुढं थांबून मोठ्यांना गुडघे टेकत पुढं सरकत होत्या.

फिलिजे आपल्या कुंपणाशी उभी होती. दोन वर्षांत तिचे केस पिकले होते. मुली तिच्यापुढं वाकल्या तेव्हा तिनं प्रत्येकीच्या डोक्यावर हात ठेवला. चौथीच्या डोक्यावर जरा जास्त वेळ. मुली पुढं गेल्या. तिदा मागं राहिली. तिला जावंसं वाटत होतं, आणि पाय निघत नव्हता.

"एक विचारू?" फिलिजे म्हणाली.

"विचार."

"तेनेंग पास झाली असती का?"

खोटं बोलणं सोपं होतं, आणि ते लगेच ओळखलं गेलं असतं.

"खरं सांग," फिलिजे म्हणाली.

"वाचण्यात पहिली होती," तिदा म्हणाली. "इतिहासाचे मास्तर तिचं नाव अजून काढतात. गणित कच्चं होतं. फार कच्चं. दुसऱ्यांदा बसावं लागलं असतं तिला."

फिलिजे रस्त्याकडे पाहत राहिली, जिथं ती चौथी मुलगी आता आपल्या आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती आणि आई तिची समजूत काढत होती.

"गणित माझ्यावर गेलं होतं," फिलिजे म्हणाली. "मला अजून बाजारात सुटे पैसे कमी देतात, घरी आल्यावर कळतं."

तिचे डोळे भरून आले, तिनं ते पुसले नाहीत. तिदाही तिथंच उभी राहिली, कुंपणाच्या अलीकडे. थोड्या वेळानं फिलिजेनं त्या मुलीच्या आईला हाक मारली, आणि सांगितलं की पोरीला रागावू नको, पुढच्या वर्षी तिच्या वाटचा भात माझ्या घरून जाईल.